बटणवालं गाव

अवी,

मेलबर्नला विमान टेकलं आणि मी सवयीने तुला मेसेज केला. "उतरलो. नेहमीच्या खांबापाशी येतो." फोन खिशात टाकला, बॅग ओढत बाहेर आलो आणि खरोखरच त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. वारा तुमच्या मेलबर्नचा, थेट कानात शिरणारा. तुझी राखाडी गाडी आली का म्हणून मी येणाऱ्या प्रत्येक राखाडी गाडीत वाकून बघत होतो. शेवटी एका बाईंनी काच खाली करून विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" तेवढ्यात फोन वाजला. मंजू होती. बहिणीसाठी म्हणून ती आधीच पॉइंट कुकला, तुमच्या घरी येऊन राहिली होती.

"सुहास," ती म्हणाली, "भाऊजींचा फोन माझ्याकडे आहे."

तिच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"टॅक्सी कर," ती म्हणाली.

तर असा मी. तुझ्या अंत्यविधीला आलो होतो आणि मला घ्यायला तू यावंस अशी माझी अपेक्षा होती.

दमलोय रे. हे रडून आलेलं दमणं नाही. रडायला अजून नीट जमलेलंच नाही. गेले काही महिने मी दमलेलाच आहे. आमच्या सिडनीतल्या टूनगॅबी स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबतो, आणि कुणी बघतंय असं वाटलं तर खिशातून फोन काढून वाचत असल्याचं नाटक करतो. लिफ्ट आहे. पण लिफ्टने गेलो तर आपल्याला काहीतरी झालंय हे लिफ्टला कळेल, असं काहीसं माझं तर्कशास्त्र. हे मंजूला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. आपल्या शेवटच्या फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का?" मी म्हटलं, "शिफ्टचं रे. तुझं काय?" तू म्हणालास, "काही नाही, अ‍ॅसिडिटी." दोघांनी एकमेकांना एकेक थाप मारली आणि क्रिकेटवर आलो.

साडू हे नातं मोठं मजेशीर. आपण एकमेकांना निवडलं नव्हतं. दोन बहिणींनी आपापले नवरे निवडले आणि आपण एकमेकांच्या वाट्याला आलो, साडीवर ब्लाउजपीस यावा तसे. सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचो. मग माझे वडील पुण्यात गेले, मला विमानाचं तिकीट मिळेना, आणि तू मेलबर्नहून दिवसभर गाडी चालवत टूनगॅबीला आलास. आलास, माझ्या शेजारी बसलास. संध्याकाळी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केलास. त्या नळाचा आवाज थांबला तेव्हा मला पहिल्यांदा हुंदका फुटला. त्यानंतर अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

दुसऱ्यासाठी तू काहीही करायचास. स्वतःसाठी मात्र तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कॉफी मागितली आणि चहा आला, तर तू "लव्हली!" म्हणून चहा प्यायचास. न्हाव्याने एका बाजूला केस जास्त कापले, तर घरी येऊन टोपी घालायचास. आपोआप उघडणाऱ्या दारालाही तू थँक्यू म्हणायचास. मी हसायचो, पण मीही त्याच मुशीतला. आपल्या दोघांना आपल्या आयांनी एकच गोष्ट शिकवली होती: आपल्यामुळे कुणाची अडचण व्हायला नको.

म्हणून तर ते गाव राहून गेलं.

स्वित्झर्लंडची कल्पना तुझी. ईशाची युनिव्हर्सिटी संपली, "आता लेक मार्गी लागली," असं म्हणून तू आम्हा सगळ्यांना फोनवर भाषण दिलंस. आपण चौघंच जायचं. तू आणि ताई, मंजू आणि मी. गाडी भाड्याने घ्यायची नाही, बस-टूर तर नाहीच. रेल्वेचा पास काढायचा. "विचार कर सुहास," तू म्हणालास, "एकदा पास हातात आला की खिडकीतून एखादं गाव आवडलं, उतर. कंटाळा आला, पुढची गाडी पकड. कुणाला विचारायचं नाही. वाटेल तिथे उतरायचं!"

वाटेल तिथे उतरायचं. आठवलं की आताही हसू येतं.

मी तो आल्प्स बराचसा बंद डोळ्यांनी पाहिला, हे कबूल. वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमधल्या शिफ्टांनी माझं असं करून ठेवलंय की गाडी हलली की मला झोप लागते. तू कोपराने ढोसायचास. "ऊठ, धबधबा." "ऊठ, बोगद्यानंतर दरी आहे." "ऊठ रे कुंभकर्णा, ती बघ म्हैस." ती गाय होती, पण तू एवढ्या आनंदाने सांगितलंस की कुणी दुरुस्त केलं नाही. लाल रंगाची छोटीशी गाडी, डोंगराच्या अंगाला बिलगून एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी. प्रत्येक गावात लाकडी घरं, प्रत्येक घराच्या भिंतीला हिवाळ्यासाठी रचलेला सरपणाचा ढीग, इतका नीटस की ताई म्हणाली, "आमच्या कपाटातल्या साड्यासुद्धा अशा नसतात."

पहिल्याच दिवशी तुला ते गाव दिसलं. स्टेशन म्हणजे एक टपरी. शेजारी सरपणाला टेकवलेला बाक, आणि एका पोखरलेल्या ओंडक्यात सतत पडणारं पाणी. वरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी गादी उन्हात टाकली होती. गाडी न थांबता पुढे गेली. तू काचेला नाक लावून मागे बघत राहिलास.

"मला तिथे बसायचंय," तू म्हणालास.

"तिथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणूनच."

त्या गावाचं नाव आपल्या चौघांपैकी एकालाही धड उच्चारता आलं नाही. पुढे आपण त्याला बटणवालं गाव म्हणायला लागलो. दुसऱ्या दिवशी मंजूने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, आपण पिशव्या घेऊन दाराशी उभे राहिलो, आणि गाडी पुन्हा न थांबता निघून गेली. मग तिकीट तपासनिसाने हसत दाखवलं: दाराशेजारी बटण होतं. अशा छोट्या गावांत गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल त्याने बटण दाबायचं, मग ड्रायव्हर थांबवतो. एवढंच.

एवढंच! पण आपल्यासाठी ते केवढं मोठं होतं. आपल्याला वाटेल तिथे उतरायचं म्हणून अख्खी गाडी थांबवायची? गाडीत कामाला जाणारी माणसं. शाळेतून येणारी मुलं. तिसऱ्या खेपेला तू बटणासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "कुणीतरी उतरणारं असेलच." आपण सगळ्यांनी कुणीतरी दाबण्याची वाट पाहिली. त्या दिवशी त्या गावचं कुणीच नव्हतं.

आणि गंमत बघ. त्याच संध्याकाळी, खालच्या स्टेशनवर, एक म्हातारी बाई दोन पिशव्या सांभाळत गाडीकडे धावत येत होती. दार बंद व्हायला लागलं. तू दारात पाय घातलास, एक हात बाहेर काढलास आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं ओरडलास, "वेट! वेट! आजी येतायत!" गाडी थांबली. गार्ड वैतागून बघत होता. तुला काहीही वाटलं नाही. आजींच्या पिशव्या वर घेतल्यास आणि त्यांना जागा दिलीस. दुसऱ्यासाठी तू गाडी काय, विमानसुद्धा थांबवलं असतंस.

शेवटच्या दिवशी आपण ठरवूनच निघालो. पुन्हा पुऱ्या, सोबत लसणाची चटणी. ताई म्हणाली, "आज बटण दाबलं नाहीत तर मी चालत्या गाडीतून उडी मारीन." बोगदा संपला. मला ढोसून उठवलंस. तुझं बोट बटणाच्या अगदी जवळ गेलं. समोर एक मुलगी भलीमोठी वाद्याची पेटी सांभाळत बसली होती, तिने घड्याळाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तुझं बोट थबकलं.

"तू दाब," तू मला म्हणालास.

"अरे, तुझ्या बाजूला आहे!"

"तुझ्याही बाजूला आहे."

"अरे," ताई हळूच म्हणाली, "त्या मुलीला कुठेतरी पोचायचं असेल. उशीर होईल तिला."

बाक आला. पाणी आलं. आज गादी नव्हती, पण खिडकी उघडी होती. बाक गेला.

मग मंजू फस्सकन हसली आणि आपण चौघं इतके हसलो की ती पेटीवाली मुलगीही काही न कळता हसायला लागली. पुऱ्या आपण शेवटच्या स्टेशनवर, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभ्याने खाल्ल्या. तू म्हणालास, "आपल्यासारख्यांसाठी इथे बटण नाही, हवालदार ठेवायला हवा. उतरा म्हणून धक्का देणारा."

त्यानंतर ती गोष्ट आपल्या घराण्याची झाली. तुझ्याकडचा गणपती असो की आमच्याकडची दिवाळी, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "सुहास, बटण." मी सांगायचो. माझ्या गोष्टीत दोष तुझा. तू मध्येच तोडायचास, "खोटं! बटण याच्या हाताशी होतं, हा झोपला होता!" तुझ्या गोष्टीत दोष माझा. हा खटला आपण वर्षानुवर्षं चालवला. मला वाटायचं, म्हातारे होऊ, दातांच्या कवळ्या हातात घेऊन भांडू, आणि कधीतरी एकदा परत जाऊन निकाल लावू. तूच म्हणायचास, "जाऊ रे. बाक कुठे पळून जातोय?"

बाक नाहीच पळाला.

पॉइंट कुकला पोचलो तेव्हा दारापाशी चपलांचा ढीग होता. शेजारच्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता. ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, काही न करता. मी जवळ गेलो तर तिने माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली, जणू मी कधीपासून तिथेच उभा होतो.

"दुपारच्या चहानंतर म्हणाला, छातीवर जड वाटतंय. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलावते. फोन हातात घेतला होता रे मी. तर म्हणतो, एवढ्याशासाठी ट्रिपल झिरो फिरवायचा? अगं, खऱ्या गरजेचं कुणीतरी असेल, त्याची गाडी आपण अडवायची का? शेजारच्यांचं बाळ आत्ता झोपलंय, सायरनने उठेल. थोडं पडतो. नाहीच बरं वाटलं तर सकाळी आपल्या जीपी डॉक्टरकडे जाऊ." ती थांबली. "मी फोन खाली ठेवला, सुहास. तो म्हणाला आणि मी ठेवला."

मी तिचा हात धरला. अवी, मी तुझ्यावर इतका चिडलो होतो! तुझा फोटो बाहेर हार घालून ठेवला होता, त्यातही तू फोटो काढणाऱ्याला त्रास नको म्हणून घाईने हसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. घरी परत आल्यावर सगळे बसले. तेव्हा तुझी ईशा, डोळे सुजलेले, माझ्या शेजारी येऊन बसली. "काका, टेल द बटन स्टोरी. प्लीज. इट वॉज बाबाज फेव्हरेट."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरू केली. पास, म्हैस, गादी, पुऱ्या. लोक हसले, तुझ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसत होतं. मीही जरा रंगात आलो. बोगदा संपला. तुझं बोट बटणाजवळ गेलं. आणि माझं लक्ष ताईकडे गेलं.

तिचा चेहरा बघून मला कळलं की ही गोष्ट आता ती नाही राहिली. आता त्या गोष्टीत ताई फोन हातात घेऊन उभी होती. तू म्हणत होतास, थोडं थांबू. आणि मी एवढी वर्षं हे विनोद म्हणून सांगत आलो होतो.

मी थांबलो.

"पुढचं मी सांगते," ताई म्हणाली. आवाज अगदी सरळ. "तो दाबणारच होता. मी म्हणाले, राहू दे, त्या मुलीला उशीर होईल. मी म्हणाले."

मंजूने तोंडावर पदर धरला. ईशाला काही समजलं नाही, पण तिने आईचा हात घट्ट पकडला. आणि मी, ज्याने तुझ्यापुढे कधी एक इंच माघार घेतली नाही, तो म्हणालो, "नाही ताई. तू बोललीस ते नंतर. बटण माझ्या हाताशी होतं. अवी मला सांगत होता, दाब. मी नाही दाबलं. तो बरोबर होता. मीच खोटं सांगत आलो."

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. बटणं दोन होती, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक. आणि आपण चौघंही त्यांच्यामध्ये उभे होतो. पण ती हळूच म्हणाली, "तो म्हणायचाच, सुहास झोपला होता म्हणून," आणि मग ती रडली. सगळं झाल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, कुणाचीही पर्वा न करता. म्हणजे तो खटला तू जिंकलास. वरच्या कोर्टात माझं अपील नाही.

आम्ही सिडनीला परतलो. ताईने माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या भरल्या होत्या, तू घातलेल्या लिंबाच्या. ती बॅग घेऊन घराच्या दोन पायऱ्या चढलो आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. डावा हात जड. घाम. बॅग खाली ठेवली. बरण्यांना काही झालं का ते आधी बघितलं, हे मुद्दाम सांगतो, कारण तू हसशील.

"काय झालं?" मंजूने विचारलं.

"काही नाही. प्रवासाचं..." मी म्हणालो आणि मला माझा आवाज ऐकू आला. तो माझा नव्हताच, तुझा होता. "मंजू," मी म्हटलं, "मला बरं वाटत नाहीये. बरेच महिने."

तिने फोन काढला. घाईत तिला आकडे लागेनात. समोरचे आजोबा बागेला पाणी घालता घालता बघत होते. दुपारची वेळ, शांत गल्ली. माझ्या मनात काय आलं असेल? तेच. एवढ्याशासाठी? सायरन वाजत येईल, अख्खी गल्ली बाहेर येईल, वेस्टमीडला मला सगळे ओळखतात.

"दे इकडे," मी म्हणालो. आणि दाबलं. तीनदा शून्य.

गल्ली बाहेर आलीच. आजोबांनी नळ बंदसुद्धा केला नाही. स्ट्रेचरवर मी सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत होतो. अँब्युलन्समधली पोरगी म्हणाली, "नो वरीज, मेट, धिस इज व्हॉट वी आर फॉर." एवढं साधं उत्तर होतं रे अवी. त्या लाल आगगाडीच्या ड्रायव्हरनेही हेच म्हटलं असतं. गाडी थांबवणं हेच त्याचं काम होतं.

हृदयाकडे जाणारी एक नळी जवळपास बंद झाली होती. ती उघडून आत जाळी बसवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्या मी लॅबच्या यंत्रात लावत आलो. या वेळी बाटलीवर माझं नाव होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी त्यांना सांगितलं नाही की वेळ माझी नव्हती, माझ्या साडूची होती. मला मिळाली.

हे सगळं वॉर्डमध्ये बसून लिहितोय. कृतज्ञ व्हावं की तुझ्या नावाने ओरडावं, ते अजून ठरत नाही. आलटून पालटून दोन्ही करतो, आणि मध्ये झोप लागते. ढोसायला तू नाहीस, म्हणून नर्स येऊन उठवते. धबधबा वगैरे काही नसतं, गोळ्या असतात.

मंजू खुर्चीत बसली होती, पाय माझ्या पलंगावर टाकून. इतक्या दिवसांची दमलेली. मी तिला म्हटलं, बरा झालो की ताईला घेऊन जाऊ त्या गावाला. ती म्हणाली, "जाऊ. पुऱ्या मात्र तुला मिळणार नाहीत." मग माझा फोन उचलून तिने माझ्या हातात दिला.

"ताईला मी सांगितलंय," ती म्हणाली. "भाऊजींना तू कळव. 'उतरलो' एवढंच लिही. त्यांना कळेल."